खात्रीचा तुकडा

"आता ह्या हातातलं घ्या," मी उजवी बाही वर सारत म्हणालो.

मुल्लासाहेबांनी नुकताच माझ्या डाव्या दंडाचा पट्टा सोडून सुईच्या जागी कापूस दाबला होता. ते माझ्याकडे बघतच राहिले. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं ते रक्त काढत होते, पण कुणी आपणहून दुसरा हात पुढे केल्याचं त्यांनी पाहिलं नसावं.

"कशाला?"

"दोन टोकांचे दोन नमुने असलेले बरे."

"सर्जेराव, रक्त आहे हे. लगड नाही. अंगभर एकच फिरतं."

लगड म्हणजे सोन्याची कांडी, हे त्यांना सांगायला लागत नव्हतं. आमच्या भागात घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात असतो. सराफांकडचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम म्हणजे गलाई. मीसुद्धा सतराव्या वर्षी गाव सोडून कोइमतूरला अधिकदादाच्या दुकानात लागलो. दादा आमच्याच गावचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, आणि त्यानं मला पहिली गोष्ट शिकवली ती म्हणजे विश्वास न ठेवणं. लगड वरून कितीही चकचकीत दिसली तरी एखाद्या कोपऱ्यात भेसळ राहून जाते. म्हणून सोनं किती शुद्ध आहे ते काढायचं, म्हणजे टंच काढायचा, तर दोन टोकांचे दोन तुकडे घ्यायचे, दोन वेगळ्या टंचवाल्यांकडे पाठवायचे आणि आकडे जुळले तरच पुढचं बोलायचं. ही सवय माझ्या हाडीमांसी खिळली होती.

त्या दिवशीची तपासणी एचआयव्हीची होती आणि माझी ती पाचवी वेळ होती. कोइमतूर, सांगली, कराड आणि मिरज अशी चार ठिकाणं झाली होती. चारही रिपोर्ट निगेटिव्ह होते. आकडे जुळत होते, तरी माझं समाधान होत नव्हतं.

शेजारच्या खोलीत समुपदेशनाला आवटी मॅडम बसायच्या. बाहेरचे रिपोर्ट घेऊन मी आठ महिने त्यांच्याकडे खेटे घालत होतो. तासाभरानं त्यांनी मला बोलावलं.

"निगेटिव्ह आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलेल्या प्रसंगाला तीन वर्षं उलटून गेली. तीन महिने उलटल्यावर निगेटिव्ह आलं की निगेटिव्ह. किती वेळा सांगू?"

"पण तुमची रक्त तपासायची पट्टीच बिघडलेली असली तर? सगळ्यांनाच निगेटिव्ह दाखवत असली तर?"

"मुल्लासाहेब ती तपासून घेतात. ज्यात आजार आहे हे ठाऊक आहे असा नमुना असतो, त्याच्यावर."

"ते घेत असतील. मी बघितलेलं नाही."

मॅडमनी डोक्याला हात लावला. पण मला वाटेत एस.टी.त बसल्याबसल्या तेच आठवत राहिलं. आमच्या धंद्यातही हीच रीत होती. टंचवाल्यावर संशय आला की त्याच्याकडे, काही न सांगता, आपल्याला पक्का ठाऊक असलेला तुकडा इतर तुकड्यांत मिसळून पाठवायचा. त्याचा आकडा त्यानं बरोबर सांगितला तर बाकीच्याही आकड्यांवर भरवसा ठेवायचा. आम्ही त्याला खात्रीचा तुकडा म्हणायचो.

माझी भीती उगाच नव्हती. लग्नाच्या दीड वर्ष आधी, पोंगलच्या सुट्टीत, मी अधिकदादाबरोबर एका बाईकडे गेलो होतो. एकदाच. दादा पुढेही जात राहिला. नंतर माझं मालनशी लग्न झालं, वर्ष मोठं सुखात गेलं, आणि मग दादा आजारी होऊन गावी आला नि चार महिन्यांत संपला. कशानं गेला हे गावात कुणी मोठ्यानं बोललं नाही आणि ठाऊक नाही असंही कुणी राहिलं नाही. त्याला अग्नी देऊन आलो त्या दिवशी मी माझं अंथरूण उचलून बाहेर सोप्यात टाकलं. मालनला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिनं महिनाभर वाट बघितली, मग माझ्या बॅगेतले रिपोर्ट शोधून काढले आणि माझ्यासमोर ठेवले. मी सगळं कबूल केलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात जाऊन रक्त देऊन आली. तिचंही निगेटिव्ह निघालं. मी तेही मानलं नाही.

आता आठ महिने झाले होते. मी कोइमतूरला परत जात नव्हतो आणि घरातही येत नव्हतो.

पाचवा रिपोर्ट मी मालनच्या हातात दिला तेव्हा ती ज्वारी निवडत होती. तिनं तो वाचला, घडी घातली आणि सुपाखाली सरकवला.

"झालं समाधान?"

"पट्टी आजार धरते का न्हाई ते बघाय पायजे."

"तुम्हाला डॉक्टर खोटा, मॅडम खोटी, पट्टी खोटी. आन् मी? मी माफ करून सात म्हैने झाले, तेबी खोटंच का?"

मी उठून सोप्याकडे वळलो.

"आता माझं ऐका," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "आणि एकदा काय तपासायचं ते तपासा. तुमच्या मनासारखं तपासा. त्याच्यानंतर एक तर अंथरूण आत आणायचं, न्हाईतर मी तासगावला आईकडं जानार. आन् परत यायची न्हाई."

मालन बोलली की करते, हे मला वर्षभरात चांगलं कळलं होतं. म्हणून मी तिला खात्रीच्या तुकड्याचं सांगितलं. माझ्याबरोबर त्याच दिवशी, त्याच डब्यातल्या पट्टीवर, जिला आजार आहे हे पक्कं ठाऊक आहे अशी व्यक्ती रक्त देईल. तिचं पॉझिटिव्ह आलं तर पट्टी खरी, आणि माझं निगेटिव्हही खरं.

मालनच्या लगेच ध्यानात आलं.

"छबूताई?"

अधिकदादाची बायको. दादा दवाखान्यात होता तेव्हा तिचंही रक्त घेतलं होतं आणि पॉझिटिव्ह निघालं होतं.

"लाज कशी वाटत न्हाई ओ तुम्हाला?" मालन म्हणाली. मग बराच वेळ ज्वारी निवडत राहिली. "मी येनार संगं. तुम्ही काय तोंडानं इचारताय ते मला बघायचंय."

छबूवहिनी गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडे वस्तीवर एकटी राहायची. दादा गेल्यावर सासरच्यांनी तिला तिथं खोली काढून दिली होती, म्हणजे खरं तर तिला घराबाहेर काढलं होतं. आम्ही गेलो तेव्हा ती दारात बसून पेरणीसाठी शेंगा फोडत होती. आम्हाला बघून उठली, पदर सावरला.

"भावजी? वाट चुकलासा का काय?" मग मालनकडे बघून हसली. "ये गं. बस. बसा की दोघंबी."

बसलो. तिनं चहा ठेवला. घ्यायचा का, असं तिनं विचारलं नाही, आणि कप आमच्यापुढे ठेवून स्वतः लांब जाऊन बसली. चहानं काही होत नाही हे मला आवटी मॅडमनी पाचदा सांगितलं होतं, तरी माझा हात पुढे होईना. मालननं स्वतःचा कप संपवला, माझा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "गार व्हतोय."

मग मी सांगायला सुरुवात केली. पोंगलपासून सगळं सांगितलं. दादाचं नाव घ्यायला जीभ अडखळली तेव्हा वहिनीच म्हणाली, "म्हाईत हाय मला. पुढं बोला." पाच तपासण्यांचं सांगितलं. शेवटी कामाचं आलं. आणि आपण केवढं मागतोय हे कळत असल्यामुळे मी वकिलासारखा बोलत सुटलो.

"एका टंचावर कधी जाऊ नये, वहिनी. दादाच सांगायचा. लॅब चुकते. बाटल्या बदलतात. नावं बदलतात. पट्टी जुनी असती. घाईत केलेल्या रिपोर्टावर तर भरवसाच ठिवू नये. माणसाच्या आयुष्याचा प्रश्न आन् एका कागदावर सगळं ठरवायचं?"

वहिनीचे हात शेंगांवर थांबले.

"चुकतं म्हंता?"

"चुकू शकतं की."

"न्हाई, म्हंजे नसताना हाय बी दाखवत असंल?"

"काहीही दाखवतं, वहिनी. म्हणून तर परत परत बघायचं."

तिनं पुढ्यातल्या शेंगा बाजूला सारल्या. मला वाटलं आता आम्हाला हाकलून देईल, आणि दिलं असतं तर मी मुकाट उठलो असतो.

"कवा जायाचं?" तिनं विचारलं.

येताना मालन म्हणाली, "एवढ्या लगेच कशा काय तयार झाल्या?"

"स्वभावानं चांगली हाय," मी म्हणालो. माझं काम झालं होतं.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं तालुक्याला निघालो. वहिनी एवढी बोलते हे मला ठाऊकच नव्हतं. खिडकीशी मालनच्या शेजारी बसून ती सबंध वाटभर स्वतःच्या मुलीचं सांगत होती. पिंकी तिसरीत गेली. पलूसला भावाकडे असते. तिचं रक्त तपासलं होतं, ती चांगली आहे, देवाची कृपा. पण भावजय तिला आईजवळ पाठवत नाही. दिवाळीला गेले तेव्हा लांबूनच बघितली. पोरगी पाढे बावीसपर्यंत म्हणते. मालन ऐकत होती, हसत होती. मी पुढच्या बाकावर मनात हिशेब करत होतो, की वहिनीचं रक्त माझ्या आधी द्यावं की नंतर.

"आत गेल्यावर आधीच्या रिपोर्टाचं काही सांगू नका," मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिला बजावलं. "त्यांना ठाऊक नसलं पायजे. तरच खरं कळतं."

"न्हाई सांगत," वहिनी म्हणाली. "मीबी नवीनच हाय असं समजते."

रक्त आधी माझं झालं, मग तिचं. मुल्लासाहेबांनी मला बघून नुसती मान हलवली. मी या वेळी दुसरा हात पुढे केला नाही. मग आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसलो.

तासाभरानं आवटी मॅडमनी मला हाक मारली. त्या निगेटिव्ह म्हणाल्या. मी बरं म्हणालो आणि कागद न उघडता खिशात घातला. वहिनीचं कळेपर्यंत माझ्या कागदाला काही किंमत नव्हती.

मग वहिनी आत गेली. तिला फार वेळ लागला. मी बाकावरून उठून फेऱ्या घालायला लागलो. मालन म्हणाली, बसा. मी बसलो आणि परत उठलो. एकदा दार किलकिलं झालं आणि मॅडमचा हळू आवाज ऐकू आला, एकदा पाण्याचा ग्लास आत गेला. शेवटी वहिनी बाहेर आली. तिच्या हातात कागद होता. मी पुढे झालो, आणि तिनं तो मला दिला.

मी उघडला. खालच्या ओळीवर नजर गेली.

"पकडलं!" मी म्हणालो. चांगला मोठ्यानं म्हणालो, व्हरांड्यातली दोनचार माणसं वळून बघतील एवढ्यानं. दुकानात आकडा बरोबर आला की ओरडायचो तसा. "बरोबर पकडलं बघ मालन! पट्टी खरी हाय!"

मालननं माझ्याकडे बघितलं नाही. ती वहिनीकडे बघत होती. मग मीही बघितलं.

वहिनी रडत नव्हती. बाकाच्या कडेला टेकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. डोक्याला चापून तेल लावून वेणी घातली होती, कपाळावर घामाचे थेंब होते. ती मला म्हणाली, अगदी भीतभीत, सावकाराकडे मुदत मागावी तशी, "भावजी, एका टंचावर जाऊ नये म्हणला व्हता तुम्ही. आन् हे दोन झालं. आनखी कुठं बघायचं का? मिरजंला?"

तेव्हा मला कळलं.

ती माझी पट्टी तपासायला आलीच नव्हती. तिच्या दारात बसून, तिचाच चहा पिऊन, मी तिला सांगितलं होतं की कागद खोटे असतात. वर्षभरापूर्वीच्या घाईच्या एका कागदावर ती घरातून गेली होती, मुलीपासून तुटली होती. आणि धंद्यातला जाणता माणूस स्वतःहून येऊन म्हणाला होता की चुकलंही असेल. चार दिवस ती त्यावर जगली होती. गाडीत बोलत होती ती त्याच्या जोरावर. आणि तिचा धीर सुटला त्या क्षणी मी आनंदानं ओरडलो होतो. माझ्या उभ्या आयुष्यात मला एवढी शरम कधी वाटली नव्हती, पोंगलच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा नाही.

मिरजेला जाऊ म्हणणं सोपं होतं. मालनचे डोळे माझ्यावर होते. मी वहिनीसमोर खाली फरशीवर बसलो.

"नको, वहिनी," मी म्हणालो. "हे बरोबर हाय."

"पक्कं?"

"पक्कं. मी तुम्हाला काहीबाही बोललो. मला माझी गरज होती म्हणून बोललो. तवाचं बरोबर होतं आन् आजचंबी बरोबर हाय."

पाच ठिकाणचे रिपोर्ट मी नाकारले होते. पहिल्यांदा खरा मानला तो तिचा.

वहिनी मान हलवत राहिली. मग पदरानं तोंड पुसलं.

"आन् तुमचं?"

"माझंबी बरोबरच हाय मग."

"काय आलंय?"

"निगेटिव्ह."

"मग भावजी, आता घरात झोपा," ती म्हणाली. ती हसली, आणि हसतानाच तिला रडू फुटलं. मालननं तिला जवळ ओढलं. छबूवहिनीला कुणी असं धरून किती दिवस झाले असतील, मला माहीत नाही. ती आधी अंग आखडून बसली होती, मग हळूहळू सैल झाली आणि मालनच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलीसारखी रडली. मी तसाच खाली बसून राहिलो. मलाही आवरेना.

बऱ्याच वेळानं वहिनी म्हणाली, "जाऊ या. पिंकीला आज बघून येनार व्हते. आता ऱ्हाऊ दे भावाकडंच."

"का?" मालननं विचारलं.

"का म्हंजे? कागद बघितलास न्हवं?"

"मॅडमना इचारलं का, पोरगी जवळ ऱ्हायली तर काय व्हतं?"

"काय व्हत न्हाई म्हनाल्या. जेवल्यानं न्हाई, झोपल्यानं न्हाई. बाईनं लई समजावलं. पर माझ्या भावजयीला कोन सांगनार?"

"हे सांगतील," मालननं माझ्याकडे हात केला. "आठ म्हैने मॅडम ह्यांच्याच मागं लागल्यात. सगळं तोंडपाठ हाय ह्यांचं. आता त्याचा कुनाला तरी उपयोग होऊ दे."

म्हणून आम्ही गावाकडची गाडी सोडून पलूसच्या गाडीत बसलो.

वहिनीचा भाऊ कारखान्यावर कामाला गेला होता. भावजय घरात होती. आम्हाला बघून ती दारातच उभी राहिली, वाटेत आडवी. वहिनी अंगणात दोन हात लांब थांबली. न सांगता थांबली.

मी बोलायला लागलो. हे कशानं होतं आणि कशानं होत नाही, ताटानं नाही, पाण्यानं नाही, कुशीत झोपल्यानं नाही. पोरगी आमच्या शेजारच्या शाळेत शिकेल. आईच्या हातचं जेवेल. माझी बायको वहिनीच्या हातचा चहा पिते, पोरीनं का जेवू नये?

"तुम्हाला वं काय म्हाईत एवढं?" भावजय म्हणाली.

"मी सहा वेळा तपासून घेतलंय."

"कुनाला?"

"मला."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. एक पाऊल मागे सरकली. परक्या बाईसमोर, परक्या गावात मला ते सांगावं लागलं आणि मी ते सांगितलं. सगळं सांगितलं. मालन माझ्या शेजारी उभी होती, तिनं मान खाली घातली नाही.

"असंल," भावजय म्हणाली. तिचा आवाज जरा मऊ झाला होता. "पर खात्री काय?"

आठ महिने मी सगळ्यांना हेच विचारत आलो होतो. उत्तरं मला तोंडपाठ होती आणि त्यातलं एकही मला पटलं नव्हतं, मग हिला कोणत्या तोंडानं पटवू?

तेवढ्यात भावजयीच्या मागून पिंकी पुढे आली. किती वेळ आतून ऐकत होती कोण जाणे. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, मामीकडे बघितलं नाही.

"आई," तिनं अंगणात हाक दिली, "दप्तर घिऊ का पिशवी?"

वहिनीनं एकदा भावजयीकडे बघितलं.

"थांब, दोनी घिऊ," ती म्हणाली. "मी भरते." आणि ती अंगण ओलांडून सरळ दारापाशी आली.

भावजय बाजूला झाली.